छात्राध्यापकांची आंतरवासिता आणि गावची शाळा

शिक्षकाचा पेशा पत्करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन भागत नाही. ठरावीक आठवडे त्याने एखाद्या चालू शाळेत राहून, तेथील मुलांमध्ये व तेथील शिक्षकांच्या देखरेखीखाली काम केलेच पाहिजे, असे त्याच्या अभ्यासक्रमाचे बंधन असते. या कालावधीस ‘शालेय आंतरवासिता’ असे म्हणतात. जुन्या शिक्षकांना ‘सराव पाठ’ आणि ‘छात्रसेवाकाल’ हे शब्द परिचित आहेत. आंतरवासिता ही त्यांचीच पुढची पायरी होय; मात्र तिचे स्वरूप अधिक व्यापक आहे आणि तिच्यात शाळेवर येणारी जबाबदारीही अधिक मोठी आहे.

अध्यापक विद्यालयाचे पत्र घेऊन छात्राध्यापक गावच्या शाळेत दाखल होतात, तेव्हा त्यांच्याविषयी दोन प्रकारच्या समजुती आढळतात. काही ठिकाणी ते पाहुणे मानले जातात. त्यांच्यामुळे नित्याच्या कामात व्यत्यय येतो, तेव्हा मागतील तेवढे तास द्यावेत, शेवटी कागदांवर सह्या कराव्यात आणि मोकळे व्हावे, अशी तेथील वृत्ती असते. दुसऱ्या काही ठिकाणी ते बिनपगारी मदतनीस ठरतात. जो वर्ग रिकामा असेल त्या वर्गावर त्यांची रवानगी होते व शिक्षक आपल्या कागदपत्रांकडे वळतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. छात्राध्यापक हा शाळेत शिकावयास आलेला विद्यार्थी आहे. त्याला शिकविण्याचे काम जितके महाविद्यालयातील प्राध्यापकांचे, तितकेच ज्या वर्गात तो उभा राहतो त्या वर्गाच्या शिक्षकाचे आहे. ही गोष्ट एकदा मनात नीट ठसली म्हणजे आंतरवासितेचे बाकीचे नियम आपोआप उमगतात.

शब्द आणि त्यामागील विचार

आपल्याकडे शिष्याला ‘अंतेवासी’ असा एक फार जुना शब्द आहे. गुरूच्या सन्निध राहणारा तो अंतेवासी. गुरूने सांगितलेले ऐकणे हा त्याच्या शिक्षणाचा एक भाग झाला. गुरू कसा वागतो, कसा बोलतो, अडचण आली असता काय करतो, हे जवळ राहून पाहणे हा दुसरा. आंतरवासिता हा शब्द अलीकडचा असला, तरी सहवासाने शिकण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सुतार, लोहार, कुंभार यांची मुले याच रीतीने धंदा शिकत आली. वैद्यकीय शिक्षणात तर ही पद्धत पक्की रुजलेली आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुण डॉक्टरला वर्षभर रुग्णालयात ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केल्याशिवाय स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नाही. रोग्याच्या शरीराविषयी समाज जी काळजी घेतो, तीच मुलाच्या बुद्धीविषयी घ्यावी, हा शालेय आंतरवासितेमागील विचार होय.

हा विचार प्रत्यक्षात येण्यास मात्र बराच काळ लागला. 1966 साली अहवाल सादर करणाऱ्या कोठारी आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाचा एक मोठा दोष दाखवून दिला होता. प्रशिक्षण संस्था विद्यापीठांपासून तुटलेल्या आहेत, शाळांपासून तुटलेल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, असे आयोगाचे म्हणणे होते. शाळांपासून तुटल्याचा परिणाम असा, की शिक्षक होणारा विद्यार्थी शाळेविषयी पुष्कळ ऐके, परंतु शाळेत फारच थोडे दिवस राही. ठरलेल्या संख्येचे पाठ द्यावयाचे, टाचणवहीवर शेरे घ्यावयाचे आणि परत यावयाचे, असा तो क्रम होता. 1963 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेले सूक्ष्म अध्यापन पुढे आपल्या महाविद्यालयांतही रूढ झाले. त्यात पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ घेऊन प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन करणे अशा एकेका कौशल्याचा सराव होतो. हा सराव उपयुक्त असला, तरी आपल्याकडे त्यात पुष्कळदा सहाध्यायीच मुलांच्या जागी बसतात. असे विद्यार्थी रडत नाहीत, भूक लागली म्हणून बाहेर पाहत नाहीत आणि उत्तर ठाऊक नसल्याचे ढोंग जरी केले, तरी ते त्यांना ठाऊक असतेच. खरी मुले निराळी असतात.

या सुधारणेच्या इतिहासाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. राज्यातील 291 नव्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून 2011 साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार आयोग नेमला गेला. आयोगाने 2012 साली अहवाल दिला. प्रशिक्षणाचा कालावधी वाढवावा व त्यात प्रत्यक्ष शाळेतील अनुभवास पुरेसे स्थान द्यावे, हा त्या अहवालाचा एक प्रमुख सूर होता. त्यास अनुसरून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 साली नवी नियमावली केली आणि पूर्वी एका वर्षाचा असलेला बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला.

कालावधी व उपस्थिती

2014 च्या नियमावलीप्रमाणे दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात शाळेशी निगडित कामास एकंदर 20 आठवडे दिले आहेत. त्यांपैकी 4 आठवडे पहिल्या वर्षी व 16 आठवडे दुसऱ्या वर्षी येतात. प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड. या दोन वर्षांच्या पदविकेची विभागणीही याच प्रकारची आहे. पहिल्या वर्षीचे आठवडे मुख्यतः शाळा, मुले व परिसर यांचे निरीक्षण करण्यासाठी असतात. दुसऱ्या वर्षीचे आठवडे प्रत्यक्ष अध्यापनासाठी. एखाद्या महाविद्यालयाच्या पत्रकात आठवड्यांची मांडणी थोडी निराळी असू शकते. म्हणून मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी ते पत्रक मागून घ्यावे व त्याप्रमाणे वेळापत्रक आखावे.

उपस्थितीचा नियमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वर्गातील इतर अभ्यासासाठी 80 टक्के उपस्थिती पुरते. आंतरवासितेसाठी मात्र 90 टक्के आवश्यक मानलेली आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 16 आठवड्यांचे 96 दिवस होतात. सुट्ट्या वजा न करता हिशेब केल्यास छात्राध्यापकाने 87 दिवस तरी शाळेत असले पाहिजे. पुस्तक घरी वाचता येते, वर्ग मात्र घरी बसून पाहता येत नाही, हे या नियमामागील साधे कारण आहे.

कोणता छात्राध्यापक कोणत्या इयत्तांसाठी, याविषयी कधी कधी गोंधळ होतो. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने असे स्पष्ट झाले, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येत नाही; त्यासाठी प्राथमिक शिक्षणाचेच खास प्रशिक्षण हवे. लहान मुलांना शिकविणे हे मोठ्यांना शिकविण्याचे सोपे रूप नसून ते एक स्वतंत्र शास्त्र आहे, हा त्या निर्णयाचा मथितार्थ. तेव्हा डी.एल.एड. चे विद्यार्थी प्राथमिक वर्गांवर व बी.एड. चे विद्यार्थी वरच्या वर्गांवर, अशी योजना सामान्यतः योग्य ठरते.

याखेरीज 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांतही कार्यानुभवास श्रेयांक देण्यात येऊ लागले आहेत. असे विद्यार्थीही क्वचित ग्रंथालय, सर्वेक्षण वा शाळेचा एखादा उपक्रम अशा कामासाठी येतात. त्यांचे स्वागत करावे, परंतु ते शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी नव्हेत. त्यांच्या हाती वर्ग सोपवू नये.

सोळा आठवड्यांची मांडणी

छात्राध्यापकास पहिल्याच दिवशी खडू देऊन फळ्यापाशी उभे करणे इष्ट नाही. आरंभीचा एक आठवडा त्याने नेहमीच्या शिक्षकाचा वर्ग पाहण्यात घालवावा, अशी नियमावलीचीही अपेक्षा आहे. परंतु ‘पाहणे’ म्हणजे मागच्या बाकावर बसून राहणे नव्हे. मार्गदर्शक शिक्षकाने त्याला काय पाहावयाचे ते नेमून द्यावे. पहिल्या दिवशी त्याने फक्त मुलांची नावे व त्यांच्या बसण्याच्या जागा यांचा नकाशा काढावा. दुसऱ्या दिवशी त्या नकाशावर खुणा कराव्यात: कोणाला प्रश्न विचारला गेला, कोणी उत्तर दिले, कोण दिवसभरात एकदाही बोलले नाही. चोवीस मुलांच्या वर्गात पंधरा प्रश्नांची उत्तरे त्याच चार मुलांनी दिली, असे त्या खुणांवरून दिसले, तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोध त्याला होईल. मार्गदर्शक शिक्षकालाही तो कागद पाहून संकोच वाटण्याचे कारण नाही. स्वतःचा वर्ग दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची अशी संधी शिक्षकाला फार वेळा मिळत नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यांत छात्राध्यापकाने वर्गातील लहान लहान कामे करावीत. हजेरी घेणे, एका गटाला वाचून दाखविणे, वह्या तपासणे, मागे पडलेल्या दोन मुलांना जवळ घेऊन बसणे ही कामे दिसावयास किरकोळ आहेत. परंतु ती करतानाच मुलांची व त्याची ओळख होते. त्यानंतर दिवसाला एक पाठ, मग दोन, असे वाढवीत जावे. मध्यापर्यंत एका विषयाचा संपूर्ण घटक त्याच्याकडे द्यावा व त्या घटकाची चाचणीही त्यालाच काढावयास लावावी. सुटे पाठ कितीही चांगले झाले, तरी त्यांवरून शिक्षकाची परीक्षा होत नाही. सोमवारी शिकविलेले शुक्रवारी मुलांच्या ध्यानात राहिले काय, आणि राहिले नसेल तर पुढे काय करावयाचे, हा प्रश्न घटक हाती असल्याखेरीज उद्भवतच नाही.

शेवटच्या आठवड्यांत त्याला शाळेचे इतर व्यवहार दाखवावेत. शालेय पोषण आहाराची नोंद कशी ठेवतात, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कशी चालते, स्थलांतरित कुटुंबातील मूल ऊसतोडीच्या हंगामात दिसेनासे झाले तर त्याचा शोध कसा घ्यावयाचा, या गोष्टी पुस्तकात दोन ओळींत येतात. गावच्या शाळेत त्यांत अर्धा दिवस जातो. पालकांच्या भेटीसाठी शिक्षक वस्तीवर जाईल तेव्हा छात्राध्यापकास सोबत न्यावे.

मार्गदर्शकाची नजर

मार्गदर्शक शिक्षकाचे खरे काम पाठ संपल्यानंतर सुरू होते. ‘पाठ छान झाला’ हा शेरा निरुपयोगी आहे आणि ‘आवाज मोठा हवा, फलकलेखन सुधारावे’ हा शेरा थोडासाच उपयोगी. छात्राध्यापकाची नजर स्वतःच्या सादरीकरणावरून हटवून मुलाच्या विचारावर नेणे, हे मार्गदर्शकाचे मुख्य कार्य होय. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, छात्राध्यापिकेने हातच्याच्या वजाबाकीचा पाठ दिला. टाचण उत्तम होते, साधने आकर्षक होती, मुलेही शांत होती. पाठानंतरच्या सरावात एका मुलाने 52 मधून 27 वजा करून 35 हे उत्तर लिहिले. छात्राध्यापिकेने त्यावर फुली मारली, शेजारी 25 हे बरोबर उत्तर लिहिले आणि मुलाला ‘लक्ष देत जा’ असे सांगितले. येथे मार्गदर्शकाने तिला ती वही पुन्हा उघडावयास सांगावी. त्याच मुलाने 43 मधून 18 वजा करून 35 लिहिले आहे आणि 81 मधून 36 वजा करून 55. मुलाचे लक्ष नव्हते असे म्हणावे, तर तिन्ही ठिकाणी त्याची चूक एकाच जातीची कशी? दरेक स्थानी तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे. कोणता अंक वर आहे व कोणता खाली, याचा तो विचारच करीत नाही. ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करावयाचे’ हे त्याला पूर्वी कोणीतरी सांगितलेले आहे व ते त्याने प्रामाणिकपणे पाळले आहे.

आता उपायही निराळा होतो. मुलाच्या हाती दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या द्याव्यात आणि त्यांतून सत्तावीस काड्या काढून मागाव्यात. दोन सुट्या काड्यांतून सात काड्या निघत नाहीत, हे त्याच्या बोटांना कळते. तो एक गठ्ठा सोडतो. सुट्या काड्या बारा होतात. सात दिल्या की पाच उरतात. चार गठ्ठ्यांतून दोन दिले की दोन उरतात. पंचवीस हे उत्तर त्याने स्वतः मिळविलेले असते. फुलीखाली लपलेला हा विचार छात्राध्यापिकेला एकदा दिसला, म्हणजे पुढे आयुष्यभर ती मुलाची वही निराळ्या दृष्टीने तपासते. ही दृष्टी महाविद्यालयाच्या इमारतीत देता येत नाही, कारण तेथे ती वही नसते आणि तो मुलगाही नसतो.

चर्चा करताना काही पथ्ये पाळावीत. मुलांसमोर छात्राध्यापकाची चूक काढू नये. मुलांच्या दृष्टीने तो त्यांचा ‘नवा सर’ वा ‘नवी बाई’ असतो व त्याचा मान राखला जाणे आवश्यक आहे. वयाने लहान असला, तरी त्याला अहोजाहो करावे. पाठ संपल्यावर त्याच दिवशी दहा मिनिटे बोलावे. आठवड्याने दिलेला सल्ला शिळा होतो. आरंभ प्रश्नाने करावा: आज कोणत्या मुलाला काय समजले नाही, हे कशावरून कळले? उद्या त्याविषयी काय करावयाचे? या दोन प्रश्नांची उत्तरे छात्राध्यापकाने आपल्या रोजनिशीत लिहावीत. एका वेळी एकच सुधारणा सुचवावी. दहा सुचविल्यास एकही होत नाही.

बहुवर्ग अध्यापन व घरची बोली

गावच्या शाळेपाशी अशा दोन गोष्टी आहेत, की ज्या शहरातील मोठ्या शाळांत छात्राध्यापकाला क्वचितच शिकावयास मिळतील. पहिली म्हणजे बहुवर्ग अध्यापन. दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत पहिली व दुसरीची मुले बसलेली असतात. महाविद्यालयात लिहिलेले टाचण एका इयत्तेसाठी व एका तासासाठी असते. येथे त्याचा मेळ बसत नाही. पहिलीला अक्षरकार्डे लावावयास देऊन दुसरीचे वाचन घेणे, मग दुसरीला लेखन देऊन पहिलीकडे वळणे, मोठ्या मुलीला लहानांच्या गटात बसविणे, गोष्ट मात्र दोन्ही वर्गांना मिळून सांगणे, ही सगळी कसरत अनुभवी शिक्षक नकळत करीत असतो. ती नकळत होते म्हणूनच ती दुसऱ्याला दिसत नाही. मार्गदर्शकाने एका दिवसाचे आपले नियोजन दोन रकान्यांत मांडून दाखवावे: एका रकान्यात शिक्षक कोणाबरोबर आहे, दुसऱ्यात त्या वेळी उरलेली मुले काय करीत आहेत. दुसरा रकाना रिकामा राहिला, की वर्गात गोंगाट होतो, हे छात्राध्यापकास लगेच उमजेल.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांची घरची बोली. ‘म्या न्हाई केलं’ असे म्हणणाऱ्या मुलाला छात्राध्यापक उत्साहाच्या भरात तेथल्या तेथे दुरुस्त करतो व मूल गप्प होते. मुलाने केलेले विधान खरे की खोटे, हे बाजूलाच राहते. अहिराणी, कोरकू, गोंडी, भिल्ली अशा भाषा घरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे अंतर आणखी वाढते. अनुभवी शिक्षक मुलाचे बोलणे आधी स्वीकारतो, त्याला उत्तर देतो आणि आपल्या उत्तरात प्रमाण रूप सहज आणतो. ‘तू नाही केलंस ना? मग कोणी केलं?’ एवढ्याने मुलाचे बोलणे चालू राहते व नवे रूपही त्याच्या कानी पडते. छात्राध्यापकाने गावातील मुलांचे शंभर शब्द जमवून त्यांची वही केली, तर तो त्याचा एक उत्तम प्रकल्प होईल व ती वही शाळेलाही उपयोगी पडेल.

छात्राध्यापक हा बदली शिक्षक नव्हे

शिक्षकांच्या रिक्त जागा, प्रशिक्षणे, निवडणुकीची व जनगणनेची कामे यांमुळे कित्येक शाळांत एकाच शिक्षकावर सर्व वर्गांचा भार पडतो. अशा वेळी दारी आलेल्या छात्राध्यापकाकडे एखादा वर्ग सोपवून देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. तरीही वर्गाची जबाबदारी कायद्याने नियुक्त शिक्षकाचीच राहते. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने मुलाला पात्र शिक्षकाकडून शिकण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. एकट्या पडलेल्या अननुभवी तरुणाच्या हातून गोंगाट आवरण्यासाठी पट्टी उगारली गेली, तर दोष केवळ त्याचा ठरत नाही. त्याला एकटे सोडणाऱ्याचाही ठरतो.

म्हणून पुढील मर्यादा प्रत्येक शाळेने पाळाव्यात.

(1) छात्राध्यापक पाठ घेत असता मार्गदर्शक शिक्षक वर्गात किंवा हाकेच्या अंतरावर असावा.

(2) मुलांची अंतिम मूल्यमापन पत्रके, दाखले व अधिकृत नोंदी छात्राध्यापकाने आपल्या सहीने भरू नयेत.

(3) शाळेची कार्यालयीन माहिती भरण्याचे काम शिकण्यापुरते दाखवावे. ते त्याचे रोजचे काम होऊ देऊ नये.

(4) मुलांना सहलीस वा शाळेबाहेर नेण्याचा प्रसंग आल्यास नियुक्त शिक्षक सोबत असलाच पाहिजे.

(5) काही अनुचित घडल्यास मुख्याध्यापकांनी महाविद्यालयास त्वरित कळवावे. दडपून ठेवण्याने कोणाचेही हित होत नाही.

छात्राध्यापकाकडूनही काही अपेक्षा आहेत. त्याने प्रार्थनेपूर्वी शाळेत यावे, मुले गेल्यावर जावे, भ्रमणध्वनी वर्गात वापरू नये आणि मुलांची छायाचित्रे परवानगीवाचून काढू नयेत. आपल्या प्रकल्पासाठी मुलांचा तास वाया घालविण्याचा त्याला अधिकार नाही. मुलांचे हे वर्ष एकदाच येते.

प्रमाणपत्रावरील सही

आंतरवासितेच्या अखेरीस मुख्याध्यापकांपुढे प्रमाणपत्र येते: अमुक छात्राध्यापकाने या शाळेत इतके दिवस उपस्थित राहून काम पूर्ण केले. या सहीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. काही वेळा अशी विनंती केली जाते, की विद्यार्थी घरून ये-जा करू शकत नाही, दुसरीकडे नोकरी करतो, परीक्षेचा अभ्यास करतो, तेव्हा हजेरी मांडून घ्यावी. विनंती करणारा पुष्कळदा ओळखीचा असतो, गावातील एखाद्या घरचा मुलगा वा मुलगी असते आणि त्याची अडचणही खोटी नसते. ‘एका सहीने आपले काय जाते,’ असे मनात येते.

सही करणाऱ्याचे काही जात नाही, हे खरे. पण मुलांचे जाते. शिक्षक एकदा नोकरीस लागला म्हणजे तीस-पस्तीस वर्षे शिकवितो. दरवर्षी पंचवीस मुले धरली, तर सुमारे आठशे मुले त्याच्या हाताखालून जातात. ज्याने 16 आठवडे एकही वर्ग जवळून पाहिला नाही, तो आपली पहिली चूक, दुसरी चूक व शंभरावी चूक त्या मुलांवरच करणार आणि त्या वेळी त्याला सावरण्यास शेजारी कोणी असणार नाही. कदाचित ती शाळा याच तालुक्यातील असेल. खोट्या दाखल्यावर डॉक्टर झालेल्याच्या हाती कोणी आपले मूल देणार नाही. शिक्षकाच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे.

यावर उपाय कठोरपणाचा नाही, वेळीच बोलण्याचा आहे. हजेरीपुस्तक पहिल्या दिवसापासून शाळेत ठेवावे व त्यावर रोजची सही रोजच व्हावी. सलग तीन दिवस अनुपस्थिती झाल्यास महाविद्यालयास कळवावे. आजारपण, प्रसूती, घरचा प्रसंग अशी खरी अडचण असेल, तर राहिलेले दिवस नंतर भरून घेण्याविषयी मुख्याध्यापकांनी स्वतः महाविद्यालयाशी बोलावे. बसची सोय नसेल तर गावात राहण्याची व्यवस्था पाहावी. शाळा व्यवस्थापन समितीतील एखादे घर यासाठी पुष्कळदा पुढे येते. या रीतीने दया व सचोटी दोन्ही राखता येतात.

शाळेला होणारा लाभ

हे सर्व वाचून एखाद्या शिक्षकास असे वाटेल, की आंतरवासिता म्हणजे आधीच्या ओझ्यावर आणखी एक ओझे. परंतु या व्यवहारात शाळाही रिकाम्या हाताने राहत नाही. शिकवून शिकणे ही जुनी गोष्ट आहे. आपण हा प्रश्न असाच का विचारतो, पहिलीला वाचन याच क्रमाने का देतो, असे छात्राध्यापकाने विचारले, की अनुभवी शिक्षकाला आपल्या सवयींमागील कारणे शोधावी लागतात. काही सवयींना उत्तम कारण सापडते. काहींना सापडत नाही व त्या सोडाव्याशा वाटतात. छात्राध्यापक नवी पुस्तके, नवी गाणी, नवे खेळ घेऊन येतात. वाचनात मागे राहिलेल्या पाच-सहा मुलांजवळ रोज अर्धा तास बसणारे माणूस 16 आठवडे मिळणे, ही दोन शिक्षकी शाळेत लहानसहान गोष्ट नव्हे.

निरोपाविषयीही दोन शब्द सांगणे जरुरीचे आहे. लहान मुले छात्राध्यापकांना फार लवकर जीव लावतात व एके दिवशी ‘नव्या बाई’ अचानक येईनाशा झाल्या, की त्यांना ते समजत नाही. म्हणून कितवा आठवडा चालू आहे, त्या केव्हा जाणार आहेत, हे मुलांना आधीपासून सांगत जावे. शेवटच्या आठवड्यात छात्राध्यापकाने प्रत्येक मुलाविषयी दोन-तीन ओळींची नोंद मार्गदर्शक शिक्षकाकडे द्यावी: काय येते, कोठे अडते, कशाने हसते. ती नोंद शाळेत राहील व पुढील कामास उपयोगी पडेल.

आंतरवासिता चांगली झाली की नाही, हे ठरविण्यासाठी शेवटी फार मोठे निकष लागत नाहीत. महाविद्यालय गुण देईल, प्रपत्रे भरली जातील, अहवाल बांधले जातील. परंतु गावच्या शिक्षकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा तरुण किंवा ही तरुणी उद्या आपल्याच शाळेत नेमणूक होऊन आली आणि आपले स्वतःचे मूल तिच्या वर्गात बसले, तर आपल्या मनाला स्वस्थता वाटेल काय? उत्तर ‘होय’ असे आले, तर प्रमाणपत्रावर समाधानाने सही करावी. ते तसे यावे, यासाठी हाती 16 आठवडे आहेत आणि त्यांची सुरुवात छात्राध्यापक शाळेत पाऊल टाकतो त्या दिवसापासून होते.